ॲडमिशन घेतली की झाली?

जून लागला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पावसाविषयी कोणी बोलत नाही. दार लागतं न लागतं तोच चौथ्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "काय, कुठे घेतली?" नवख्या माणसाला वाटावं, हे गाडीबद्दल चाललंय, नाहीतर जागेबद्दल. पण जूनमध्ये मराठी माणूस एकच गोष्ट घेतो किंवा घेऊ बघतो, आणि तिचं नाव उच्चारायचीही गरज नसते. ॲडमिशन.

यंदा आमच्या धाकटीची बारावी झाली. त्यामुळे हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा, म्हणजे लिफ्ट चालू असेल तितक्या वेळा, विचारला गेला. उत्तरं देता देता लक्षात आलं की मराठीने या शब्दाला जी क्रियापदं जोडली आहेत, त्यांच्यावरून पोराचे मार्क कळतात. ९५ टक्केवाला ॲडमिशन घेतो. दोन-तीन कॉलेजं समोर मांडून, भाजी निवडल्यासारखी. ८५वाल्याला ती मिळते. ७०वाल्याची होते, कशी झाली हे विचारायचं नसतं. ५५वाल्याची करून घ्यावी लागते, आणि करून घेण्यासाठी त्याच्या आईला एक भाऊ असावा लागतो, ज्याची मुंबईत कुठेतरी ओळख आहे. याच्याही खाली 'बघतोय अजून' म्हणणाऱ्यांचा वर्ग असतो. मी त्या वर्गात होतो. लिफ्टऐवजी जिना बरा, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मी त्याच आठवड्यात जाहीर केलं.

ज्या गोष्टीसाठी आख्खं घर जागरण करतंय ती आहे तरी काय, म्हणून एका रात्री मी शब्दकोश काढला. वेळही होता. सर्व्हर डाऊन होता, स्क्रीनवर एक वाटोळं चक्र फिरत होतं, आणि ते फिरायचं थांबेपर्यंत कोणी काही बंद करायचं नाही अशी धाकटीची सक्त ताकीद होती.

ॲडमिशन इंग्रजीत आली लॅटिनमधून. 'ॲड' म्हणजे कडे, आणि 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, सोडणे. अमक्याकडे सोडणे. त्यावरून आत सोडणे, आत घेणे. एवढीच तिची मिळकत. पण रोमन लोक हेच क्रियापद घोड्यालाही लावत. लगाम सैल सोडून घोडा चौखूर पळवला की तो 'ॲडमिट' केलेला घोडा. गॉलच्या युद्धाची हकिकत लिहिताना सीझरने एका घोडेस्वाराला असाच भरधाव धाडलाय. ऑगस्टमध्ये फर्स्ट इयरला नव्याने 'ॲडमिट' झालेली मुलं दुचाकीवर तिघं-तिघं बसून कॉलेजच्या उतारावरून जातात, तेव्हा सीझरला काय म्हणायचं होतं ते स्वच्छ कळतं. तिसरा अर्थ आणखी सरस आहे: गुन्हा करणे, पाप अंगावर घेणे. रोमन माणूस पाप 'ॲडमिट' करी म्हणजे ते कबूल करी असं नव्हे. ते करूनच मोकळा होई. कबुलीचा भाग इंग्रजांनी पुढे जोडला.

या 'मित्तेरे'चं घराणं एवढं मोठं निघालं, की महाराष्ट्रातल्या एखाद्या इंजिनिअरचं सबंध चरित्र त्या एका धातूवर भागावं. आधी हवी ॲडमिशन. तिच्यासाठी कोणाची तरी परमिशन. ती ज्यांच्या हातात ती कमिटी, आणि कमिटीला आपली फाइल दिसावी म्हणून मधल्या माणसाचं कमिशन. 'नो ॲडमिशन विदाउट परमिशन' ही पाटी आपल्याकडे बिस्किटांच्या कारखान्यापासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत सगळीकडे लटकते. तिच्यावर थोरल्या दोघी बहिणी नावानिशी हजर असतात. तिसरी पाटीवर नसते, पाटीमागे बसते.

पोरगं आत गेलं की वर्षातून दोनदा सबमिशन येतं. जर्नलं पुरी करायची, शीटं काढायची. शीटं काढायची म्हणजे काचेखाली बल्ब लावून, वर हुशार मुलाचं ड्रॉइंग, त्यावर आपला कोरा कागद ठेवून रात्रभर जीटी मारायची. ग्लास ट्रेसिंगचं हे लाडकं नाव. ज्यांनी मारलीय त्यांच्या डोळ्यांपुढे आत्ता तो बल्ब आला असेल. 'सबमिट'चा मूळ अर्थ खाली सोडणे, नमवणे. सरांच्या एका सहीसाठी स्टाफरूमबाहेर तीन तास उभं राहिलेल्या माणसाला हे लॅटिनमधून सांगायला नको. पुढे प्रेमात प्रॉमिस येतं, लग्नात कॉम्प्रमाइज येतं, परदेशी गेला तर आईच्या खात्यावर रेमिटन्स येतो, कंपनीचे दिवस फिरले तर डिसमिस येतं. हे सगळं ज्यातून कळतं तो मेसेज. आणि मरणाला इंग्रजीत जो सभ्य शब्द आहे, डिमाइस, तोही याच घरातला. एवढं वाचल्यावर मला वाटलं, लिमिटही इथलीच असणार. तर नाही. ती 'लिमेस'ची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाची लेक. या घराण्यात लिमिट नाही, हे मला फीचं पत्रक पाहून आधीच कळायला हवं होतं.

पण मला सगळ्यांत आवडली ती मेस. आपली, डबा-पोळीवाली. 'मिस्सुस' म्हणजे पाठवलेलं. मुदपाकखान्यातून टेबलावर धाडलेलं एकेक वाढप ते मिस्सुस. फ्रेंचांनी त्याचं 'मेस' केलं, इंग्रजांनी ते उचललं, आणि एकत्र जेवणाऱ्यांच्या पंगतीलाही तेच नाव दिलं. पुढे जनावरांपुढे टाकायच्या कालवलेल्या खाद्यालाही ते मेसच म्हणू लागले, आणि त्या कालवाकालवीतून गोंधळ हा अर्थ निघाला. कोशकारांना यासाठी दोन वेगळे परिच्छेद लिहावे लागले. सदाशिव पेठेत चार वर्षं जेवलेल्या माणसाला ते एका ताटात मिळतात: मंगळवारची मटकी बुधवारी मिसळ होऊन येते आणि गुरुवारी थालिपिठात सापडते.

गोव्यातल्या चर्चची मिस आणि आपल्या वसईची मिस्सा, याही इथल्याच. लॅटिन उपासना संपताना धर्मगुरू जमलेल्यांना 'जा आता' अशा अर्थाचं एक वाक्य म्हणत. त्या वाक्यातला 'मिस्सा' हा शब्दच पुढे सबंध उपासनेचं नाव झाला. म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला आपण 'प्रसाद घेऊन जा' असं नाव ठेवण्यातला प्रकार. तसं पाहिलं तर आपल्याकडेही पुष्कळ लोकांच्या लेखी पूजेचं खरं नाव तेच असतं.

वर्तमानपत्रं दर जूनमध्ये 'मिशन ॲडमिशन' अशी पुरवणी काढतात. यमक छान जुळतं. मिशन म्हणजे पाठवणी आणि ॲडमिशन म्हणजे अमक्याकडे पाठवणी. वरातीच्या गाडीवर दोनदा तेच लिहिलंय.

मी हे मोठ्या उत्साहाने बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, "चक्र थांबलं का?" चक्र थांबलं नव्हतं.

आमच्या वडिलांच्या वेळी ही चक्रं नव्हती, मॅट्रिक होती. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली. कलकत्त्याने आपल्या प्रवेशपरीक्षेला एन्ट्रन्स म्हटलं, मुंबईने मॅट्रिक्युलेशन. त्यामुळे बंगाली गोष्टीतला नायक एन्ट्रन्सला गटांगळी खातो आणि मराठी गोष्टीतला मॅट्रिकला. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ सालची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या घाण्यातले. मॅट्रिक या शब्दात आई दडलेली आहे. 'मातेर' म्हणजे आई, 'मात्रिक्स' म्हणजे कूस, आणि 'मात्रिकुला' म्हणजे नावनोंदणीची वही. वहीत नाव चढलं की ज्ञानमातेच्या कुशीत जागा. आमच्या आजोबांना त्या कुशीने तीन वेळा परत पाठवलं होतं. तरी ते पोस्टात लागले आणि आयुष्यभर पाटीवर 'नॉनमॅट्रिक' असं लिहीत, जणू तीही एक पदवीच.

एन्ट्रन्स मात्र आता आपल्याकडेही आली आहे. 'एन्ट्रन्स दिली का?' 'कितीला एन्ट्रन्स आहे?' हा शब्द आत जाण्याचाच, त्यात गंमत नाही. गंमत अशी की याच स्पेलिंगचं इंग्रजीत एक क्रियापद आहे. उच्चारताना जोर मागच्या अर्ध्यावर द्यायचा. त्याचा अर्थ मोहिनी घालणे, तंद्रीत नेणे. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. दुसरा 'ट्रान्स'वरून आला, म्हणजे 'पलीकडे जाणे' या लॅटिन क्रियापदावरून. लातूरला किंवा पुण्याला सकाळी सहा वाजता क्लाससमोर उतरणारी अकरावी-बारावीची मुलं बघा. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, नजर पलीकडे कुठेतरी. त्या मुलांना कुठलं स्पेलिंग लावायचं ते ठरवता येत नाही.

आता पैशाचं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरांत पोचला. त्याआधी तो देवळांच्या जीर्णोद्धारापुरता होता. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करणारा कायदाही केला. कॅपिटेशन म्हणजे शब्दशः डोईपट्टी; 'कापुत' म्हणजे डोकं. डोक्यामागे इतके, असा हिशेब. डोक्यात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि शब्दानेही तसं कधी म्हटलं नव्हतं. डोनेशन तर आपलंच निघालं: लॅटिन 'दोनुम' आणि संस्कृत 'दान' ही सख्खी चुलत भावंडं. दान सत्पात्री असावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, आणि पावती मागू नये, हे आपले जुने नियम. तिन्ही नियम इतके काटेकोर पाळलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

"मग आपला शुद्ध शब्द वापरा की. प्रवेश म्हणा," असं माझा एक मराठीचा प्राध्यापक मित्र म्हणाला. म्हणून प्रवेशही बघितला. 'प्र' अधिक 'विश्'. विश् म्हणजे शिरणे, वसती करणे. त्यातूनच वैश्य आणि हिंदीतला 'निवेश', म्हणजे गुंतवणूक. आणि या विश् धातूचा ग्रीक भाऊबंद आहे 'ओइकोस', म्हणजे घर. त्या ओइकोसपासून झाली इकॉनॉमी. शुद्ध शब्दातही प्रवेशाच्या मागोमाग वाणी, गुंतवणूक आणि अर्थव्यवस्था येऊन बसलेली. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या संस्थेत हे बोलू नकोस."

नाटकवाल्यांचा प्रवेश मला जास्त आवडतो. अंक पहिला, प्रवेश दुसरा. तिथे पात्र आत येतं, आपलं म्हणणं सांगतं आणि निघून जातं. कोणी त्याच्याकडे जातीचा दाखला किंवा गॅप सर्टिफिकेट मागत नाही. प्रेक्षकांसाठी वेगळी पाटी असते: 'प्रवेश विनामूल्य. काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव.' ही वाक्यं एकमेकांना चिकटूनच जन्माला येतात. मी आजवर अनेक विनामूल्य कार्यक्रमांना गेलो. काही रांगा म्हणजे पहिल्या बारा, असा माझा अनुभव आहे.

हा शब्द मराठीत हसण्यावारी नेण्यासारखा नेहमीच नव्हता. १९३० साली मार्चमध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली ती प्रवेशासाठीच, आणि दारं लावून घेतली गेली. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. त्या माणसांना आम्ही 'सर्व्हर डाऊन होता हो' हे कुठल्या तोंडाने सांगणार? तरी ती 'नो ॲडमिशन'ची पाटी पाहिली की मला मधूनच नाशिक आठवतं, आणि मग तो एक्स-रे लांबतो.

असो. ॲडमिशन झाली, प्रवेश झाला; तिसरा उमेदवार दाखला. खरा घोळ इथे आहे.

'दाखल' हा अरबी शब्द, अर्थ आत शिरलेला. दाखल होणे, दखल घेणे, आणि हाकलून दिलं की बेदखल, ही सगळी त्याचीच पोरं. हिंदीत-उर्दूत 'दाखिला' म्हणजे सरळ ॲडमिशन. आमचे मेहुणे इंदूरचे. तीन पिढ्या तिकडे गेल्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनमधून हिंदीचा तडका असतो. त्यांचा फोन आला, "काय दाजी, दाखिला झाला का मुलीचा?" मी म्हटलं, "अहो, दाखलाच मिळत नाहीये, म्हणून ॲडमिशन अडलीय." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दाखिला मिळत नाही म्हणून दाखिला अडला? तब्येत बरी आहे ना?"

त्यांची चूक नव्हती. आपण मराठी लोकांनी आत शिरण्याचा हा शब्द उचलला आणि बाहेर पडल्याच्या कागदाला लावला: शाळा सोडल्याचा दाखला. सोडल्याचा प्रवेश! आणि गंमत बघा, सोडल्याचा दाखला दाखवल्याशिवाय पुढे कोणी दाखल करून घेत नाही. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि सरतेशेवटी मृत्यूचा दाखला. तोही एक प्रवेशच म्हणायचा. तिथे मूळ कागद मागतात की झेरॉक्स चालते ते कळायला मार्ग नाही.

आमच्या बाबतीत झालं असं. धाकटीच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात एक खिडकी होती, आणि खिडकीत एक ताई.

"ताई, सोडल्याचा दाखला हवा होता."

"ॲडमिशन कुठे झालीय? तिथलं पत्र आणा. मग देऊ."

नव्या कॉलेजात गेलो. तिथेही एक खिडकी.

"साहेब, ॲडमिशन पक्की झाल्याचं पत्र हवं होतं."

"मूळ दाखला जमा करा. मग पत्र."

दोन खिडक्यांमधलं अंतर रिक्षाने १८० रुपये. तिसऱ्या फेरीला मी दोन्ही खिडक्यांना एकमेकींचा फोन नंबर दिला. ताई म्हणाल्या, "काका, आम्हाला बाहेर फोन करायची परमिशन नाही." मित्तेरे! मी त्यांना तिथेच सांगणार होतो की परमिशन आणि ॲडमिशन सख्ख्या बहिणी आहेत. पण मागे रांगेत अठरा माणसं होती, आणि खिडकीवर 'जेवणाची वेळ १.३० ते २' असं लिहिलेलं होतं. अखेर चौथ्या दिवशी शिपायाने सुचवलं की हमीपत्र लिहून द्या, तिकडे सगळे तेच करतात. हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही कुठे विचारलं?"

याच धामधुमीत मावशीचा फोन आला. "अरे, यांना ॲडमिट केलंय."

मराठीत ॲडमिशन कॉलेजात घेतात आणि ॲडमिट दवाखान्यात होतात. या दोघांची अदलाबदल आपण चुकूनही करत नाही. 'मुलगी कॉलेजला ॲडमिट झाली' म्हटलं तर लोक कुठला वॉर्ड विचारतील. जुनी माणसं 'दवाखान्यात ठेवलंय' म्हणायची. त्यात माणूस ठेवलेला, उद्या परत आणायचा, असा दिलासा होता. 'ॲडमिट केलंय' म्हटलं की मात्र शहाळी घेऊन जावंच लागतं. गेलो. काका पलंगावर मजेत पेपर वाचत बसले होते. "काही नाही रे, पोटात गॅस. पण डॉक्टर म्हणाले २४ तास ॲडमिट राहा, त्याशिवाय मेडिक्लेम पास होत नाही." पलंगाशेजारी तीन शहाळी आधीच होती. डिपॉझिट भरलेलं होतं, कॅशलेसची परमिशन यायची होती. म्हणजे इथेही दोघी बहिणी हजर. दुसऱ्या दिवशी त्यांना डिस्चार्ज मिळाला. डिस्चार्ज म्हणजे मुळात गाडीतला माल उतरवून ती रिकामी करणे. काकांनी बिल पाहिलं आणि म्हणाले, "झाली रिकामी."

राहता राहिला कबुलीचा अर्थ. इंग्रज माणूस 'आय ॲडमिट' म्हणतो आणि कबुलीच्या खोलीत शिरतो; आत येणं आणि चूक मान्य करणं यांना त्याने एकच दार ठेवलंय. मराठीने शब्द घेताना हा अर्थ बाहेरच ठेवला. आपल्याला त्याची गरजच नव्हती. आपल्याकडे कप कोणी फोडत नाही, कप फुटतो. दूध सांडतं, किल्ली हरवते, गॅस चालू राहतो. आणि 'राहून गेलं' या क्रियापदाला तर जगात तोड नसावी. फॉर्म भरायचा राहून गेला. कोणाचा, कोणामुळे, काही पत्ता नाही. फॉर्म आपला आपण राहिला आणि गेला. चुकून कर्ता आलाच तर तो 'कडून'च्या आडोशाला: 'माझ्याकडून जरा झालं'.

कायदेवाल्यांनी तो अर्थ सोडला नाही. स्टीफनसाहेबांनी मसुदा केलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यात १७वं कलम ॲडमिशनची व्याख्या करत होतं, आणि ३१वं कलम सांगत होतं की ॲडमिशन हा त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा नव्हे. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व शाबूत आहे. माझा वकील मित्र हे कलम समजावून देत होता तेव्हा आमच्या बिल्डिंगमधला थर्ड इयरचा मुलगा खालच्या कट्ट्यावर बसलेला दिसत होता. सकाळी ११ वाजता, मंगळवारी. ॲडमिशन त्याची झालेली आहे. निर्णायक पुरावा नव्हे.

आमची ॲडमिशन शेवटी झाली. मिळाली म्हणायला हरकत नाही, आणि काकूंना मी 'घेतली' असं सांगितलं. ती बेटरमेंटच्या फेरीत मिळाली, म्हणजे रिक्षाच्या अंतरावरचं ते खिडकीवालं कॉलेज सुटून दुसरं, सव्वादोनशे किलोमीटरवरचं, हॉस्टेल आवारातच. पहाटे पाचला गाडी काढली. डिकीत गादी, बादली, डब्यात बेसनाचे लाडू, मच्छरदाणी, आणि मूळ दाखल्याच्या सहा झेरॉक्स, कारण आता माझा कोणावर विश्वास राहिलेला नाही. हॉस्टेलच्या फाटकावर पाटी होती: 'पालकांना यापुढे प्रवेश नाही'. वॉचमन म्हणाला, "सामान इथं ठेवा, पोरी घेऊन जातील." बायको रडली. धाकटी म्हणाली, "आई, सगळे बघतायत." मग तीही रडली. आजूबाजूला आणखी दहा-बारा गाड्या, दहा-बारा बादल्या, आणि प्रत्येक बादलीशेजारी एक आई डोळ्यांना पदर, ओढणी, जे असेल ते लावून उभी. बाप लोक टायरमधली हवा बघत होते. नवरदेव नव्हता आणि अक्षता नव्हत्या. बाकी हुबेहूब तेच. मी मघाशी सांगितलेलं लॅटिन बायकोला पुन्हा सांगावंसं वाटलं. कडे, आणि पाठवणे. पण माझ्याच गळ्यात काहीतरी अडकलं होतं, म्हणून मीही टायर बघितला. हवा बरोबर होती.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घाट उतरल्यावर रेंज आली आणि धाकटीचा मेसेज वाजला. पोचलात का, औषध घेतलंत का, असं काहीतरी असेल म्हणून बायकोने घाईने उघडला. लिहिलं होतं: "मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. आधी सांगायचं राहून गेलं. शंभर पाठवा."

तो रविवार होता. दोनशे पाठवले.